आधी देवाला, मग सगळ्यांना




आपल्यापैकी कित्येक जण वह्यावाटप, वैद्यकीय शिबिर किंवा नाताळच्या कार्यक्रमासाठी आमच्याबरोबर आरेतल्या आणि बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या पाड्यांवर आले आहेत. परतताना गाडीत एक प्रश्न हमखास निघतो : “ताई, ही माणसं नक्की कोणाला भजतात? आणि त्याचा त्यांना उपयोग काय?” गाडी गोरेगाव स्टेशनला पोहोचेपर्यंत जेवढे सांगता येते तेवढे मी सांगते आणि अर्धे राहून जाते. म्हणून या अंकात ते सविस्तर लिहीत आहे. मी मुख्यतः वारली कुटुंबांविषयी लिहिणार आहे. याच पाड्यांवर कोकणा, मल्हार कोळी आणि कातकरी घरेही आहेत. त्यांच्या चालीरीती थोड्याफार वेगळ्या असल्या तरी बऱ्याच गोष्टी जुळतात.

एका भाजीने शिकवलेला धडा

मी या कामाला लागले तेव्हा माझ्याकडे थिऑलॉजीचा डिप्लोमा होता आणि सगळे समजल्याचा आत्मविश्वास होता. पहिल्याच जूनमधली गोष्ट. दोन-तीन चांगल्या सरी झाल्या होत्या आणि पाड्याच्या उतारावर कोळीची भाजी उगवली होती. बाजारात हीच भाजी आपण फोडशी किंवा कुलू म्हणून विकत घेतो. मी येता येता मूठभर खुडली आणि एका आजींच्या घरी नेऊन म्हटले, “आजी, आज हीच करू या.”

आजींनी ती जुडी हातात घेतली आणि बाजूला ठेवली. “ताई, अजून आमची कोळीभाजी झाली नाही.”

कोळीभाजी हा वारल्यांचा पावसाळ्यातला पहिला सण. तो होईपर्यंत, म्हणजे नवी भाजी देवापुढे ठेवली जाईपर्यंत, ती कोणी खात नाही. मी त्यांना समजावू लागले की, देवाने सगळे खाण्यासाठीच दिले आहे, त्यात कसली बंदी? आजी वाद घालणाऱ्यांतल्या नव्हत्या. चूल फुंकता फुंकता एवढेच म्हणाल्या, “आता पान बारीक आहे. आता खुडलं तर कांदा खंगतो, पुढल्या साली उगवत नाही. आधी देवाला, मग सगळ्यांना. एकच दिवस सगळ्यांचा. म्हणजे ज्याच्या घरात चार हात जास्त, त्याने आधीच सगळं नेलं असं होत नाही.”

मी गप्प बसले. ज्याला मी अंधश्रद्धा म्हणत होते त्यात दोन नियम होते : झाडाला वाढायला वेळ द्यायचा, आणि गरीब घराला मागे ठेवायचे नाही. ते कुठे लिहिलेले नव्हते, कोणी शिपाई उभा नव्हता, दंडाची पावती नव्हती, आणि तरी सगळा पाडा ते पाळत होता.

जाता जाता सांगते, याच जातीकुळीतल्या सफेद मुसळीच्या शास्त्रीय नावात आपल्या बोरिवलीचे नाव आहे. ते नाव देणाऱ्या दोघांपैकी एक, फादर सांतापाव, सेंट झेवियर्स कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारे येशूसंघाचे धर्मगुरू होते.

देवांच्या हातातले पंचांग

भाजीचा जो नियम, तोच भाताचा. वारल्यांमध्ये धान्याची देवी कणसरी. नवा भात तयार झाला तरी तिला दिल्याशिवाय घरात शिजत नाही. तारपा हे भोपळ्याचे आणि बांबूचे लांब वाद्य आपण स्नेहसंमेलनात वर्षभर वाजवून घेतो, पण पाड्यावर त्याचा हंगाम ठरलेला आहे. भात तयार झाला की तो बाहेर निघतो. लावणीच्या दिवसांत, जेव्हा प्रत्येक हात शेतात हवा, तेव्हा रात्रभर नाच चालत नाही. नारनदेव पावसाचा, हिरवा देव घराच्या बरकतीचा, धरतरी जमिनीची, गावतरी गाईची. प्रत्येक देवाची वेळ ठरलेली आहे, आणि त्या वेळेबरोबर कधी काम, कधी आराम आणि कधी आनंद हेही ठरलेले आहे.

शास्त्र वाचणाऱ्यांना यात अनोळखी काही वाटू नये. प्रथमउपजाची टोपली घेऊन याजकापुढे उभे राहण्याची आज्ञा अनुवादाच्या सव्विसाव्या अध्यायात आहे, आणि सातव्या वर्षी जमिनीला विसावा देण्याची लेवीयच्या पंचविसाव्यात. आपल्या मंडळीत कापणीची उपकारस्तुती होते तेव्हा वेदीपुढे मांडलेला भोपळा आणि तांदूळ हीच आठवण करून देतात. फरक आहे आणि तो मी लपवत नाही. आपण एका निर्माणकर्त्याचे आभार मानतो. पण पहिला घास माझा नव्हे, ही शिस्त दोन्हीकडे आहे.

वाघोबाचा वाटा

आरेत फिरताना झाडाखाली शेंदूर लावलेली दगडाची किंवा लाकडाची पाटी दिसते. तिच्यावर वाघ, आणि बहुधा सूर्य-चंद्रही कोरलेले असतात. हा वाघोबा किंवा वाघदेव. आपल्याकडे आता वाघ नाही, बिबट्या आहे. पण पाड्यासाठी दोघेही वाघच. दिवाळीच्या तोंडावर, आश्विन वद्य द्वादशीला, वाघबारस येते. त्या दिवशी पाडा एकत्र येऊन त्याला त्याचा वाटा देतो. २०२१ मध्ये वन्यजीव अभ्यासकांच्या एका गटाने मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघरच्या वारली वस्त्यांत फिरून वाघोबाच्या सुमारे दीडशे ठाण्यांची नोंद प्रसिद्ध केली. म्हणजे ही एखाद्या म्हाताऱ्याची हौस नाही, हे मोठे जाळे आहे.

एक कथा अशी सांगतात की, वाघोबा हा मुळात एका कुमारी मुलीचा मुलगा. तो वाघाचे रूप घेऊ लागला तेव्हा गावाने त्याच्याशी करार केला : तू रानात राहा, आम्ही तुला वर्षाला तुझे देऊ. या करारामुळे व्यवहारात काय होते ते पाहा. बिबट्याने कोंबडी किंवा शेळी नेली तर पाड्यातला पहिला प्रश्न “त्याला कसं मारायचं?” असा नसतो. “आपलं काय चुकलं?” असा असतो. वाटा द्यायचा राहिला का? शेळी अंधारात मोकळी का सोडली? पोरांना एकटे का पाठवले? राग जनावरावर जाण्याआधी स्वतःच्या वागण्याकडे वळतो.

यात भीती नाही असे मात्र समजू नका. २०२१ च्या पावसाळ्याअखेर आरेत बिबट्याने माणसांवर हल्ले केले तेव्हा मी पाड्यावरच होते. संध्याकाळी सहानंतर आया दार सोडत नव्हत्या. वाघोबावर श्रद्धा असलेली माणसेच वन विभागाला पिंजरा लावा म्हणून सांगत होती. श्रद्धेने बिबट्या निरुपद्रवी होत नाही. पण सूड म्हणून विष घालणे किंवा फास लावणे हा विचार तिथे सहज रुजत नाही, एवढे काम ती श्रद्धा नक्की करते.

लग्न लावणारी बाई

नाताळच्या भेटकार्डांवर आपण जी पांढरी वारली चित्रे छापतो, त्यांचे मूळ लग्नघरातल्या भिंतीवर आहे. सवाशिणी तांदळाच्या पिठाने तिथे चौक काढतात आणि त्यात पालघट देवी असते. तो चौक झाल्याशिवाय लग्न पुढे सरकत नाही. लग्न लावते ती धवलेरी, म्हणजे गाणी म्हणत विधी करणारी बाई. विवाहासारख्या मोठ्या गोष्टीत शेवटचा शब्द बाईचा असावा, हे आपल्या कित्येक मंडळ्यांना अजून जमलेले नाही.

लग्नाचा खर्च झेपत नसेल तर जोडपे आधी संसार थाटते आणि लग्न सवडीने करते. कधी मुलाच्या मांडवातच आईबापाचेही लागते. आपल्याला हे खटकते. पण तोवर त्या बाईला कोणी टाकलेली म्हणत नाही आणि तिच्या मुलांना कोणी बेवारशी म्हणत नाही. विधी मात्र कधीतरी व्हायलाच हवा, आणि याच गरजेवर जुन्या ठाणे जिल्ह्यातल्या सावकार-जमीनदारांनी पोट भरले. लग्नासाठी कर्ज द्यायचे आणि नवराबायकोला ‘लग्नगडी’ म्हणून राबवायचे, अशी ती पद्धत होती. १९४५ मध्ये किसान सभेच्या झेंड्याखाली, शामराव आणि गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वात वारली उठले, तेव्हा लग्नगडी आणि वेठबिगार यांच्याविरुद्धच उठले. रीत समाजाला धरून ठेवते, आणि त्याच रीतीला धरून कोणी समाजाला बांधूनही ठेवू शकतो.

माझी चूक : गावदेवाची वर्गणी

आता जी गोष्ट सांगायची आहे ती सोपी नाही. काही वर्षांपूर्वी एका पाड्यावरचे एक कुटुंब आमच्या प्रार्थनासभेला येऊ लागले. नवरा रिक्षा चालवायचा, बायको मरोळला घरकाम करायची. पेरणीआधी गावदेवाची पूजा असते. प्रत्येक घराची वर्गणी सारखी, जेवण एकत्र. त्या दोघांनी मला विचारले, “ताई, आम्ही द्यायची का?” मी क्षणभरही न थांबता म्हटले, “देऊ नका. आता तुमचा त्याच्याशी संबंध नाही.”

त्यांनी दिली नाही. पूजेलाही गेले नाहीत. कोणी त्यांना शिव्या दिल्या नाहीत, वाळीत टाकले नाही. पण दोन महिन्यांनी मला कळले की, पाड्याच्या नव्या नळजोडणीच्या अर्जावर त्यांचे नावच नाही. मी तावातावाने एका वडीलधाऱ्या बाबांकडे गेले. ते शांतपणे म्हणाले, “ताई, अर्जाचं गावदेवाकडेच ठरलं. जे आले त्यांनी अंगठे दिले. हे आले नाहीत. आम्हाला वाटलं, यांना पाड्यात राहायचं नाही.”

तेव्हा माझ्या ध्यानात आले. पूजा संपल्यावर माणसे तिथेच बसतात. पाण्याची पाळी, पायवाटेची साफसफाई, कोणाच्या कुंपणाचे भांडण, कोणाच्या घरी आजारपण, सगळे तिथेच निघते. पाड्यावर सभागृह नाही, सोसायटीची जनरल बॉडी नाही. गावदेवाचे ठाणे हेच त्यांचे ऑफिस. देवापुढे बसून खोटे बोलायला माणूस कचरतो, म्हणून तिथे ठरलेले टिकते. मी त्या कुटुंबाला मूर्तिपूजेपासून दूर ठेवायला गेले आणि त्यांना त्यांच्या ग्रामसभेतून उठवून आले.

त्यानंतर आमच्या पाळकसाहेबांबरोबर बसून मी करिंथकरांस पहिल्या पत्राचे आठ ते दहा हे अध्याय पुन्हा वाचले. मूर्तीला वाहिलेल्या अन्नाविषयी पौलाने जे लिहिले ते मी परीक्षेसाठी पाठ केले होते, पण आता पहिल्यांदाच त्याची खरी गरज पडली. मग आम्ही त्या बाबांकडे गेलो आणि मी चूक कबूल केली. बरीच बोलणी झाली. शेवटी ठरले की, हे कुटुंब पूजेच्या सामानात वाटा देणार नाही. पण पायवाट साफ करायला येईल, पाण्याच्या खर्चाचा हिस्सा देईल आणि पूजेनंतरच्या बैठकीला बसेल. बाबा म्हणाले, “देवाचं तुमचं तुम्ही बघा. गावाचं सगळ्यांनी बघायचं.” पुढच्या अर्जात त्यांचे नाव आले. तरी एक अख्खा उन्हाळा त्या बाईने लांबून हंडे वाहिले, आणि ते माझ्या एका वाक्यामुळे.

आफ्रिकेतले बांधव काय शिकले

हा प्रश्न फक्त आपला नाही. केनियाचे जॉन एम्बिती हे अँग्लिकन धर्मगुरू आणि ईश्वरविज्ञानाचे अभ्यासक. आफ्रिकी धर्म आणि तत्त्वज्ञानावरचे त्यांचे पुस्तक १९६९ मध्ये आले. आफ्रिकी माणसाचा धर्म त्याच्या शेतात, जेवणात, जन्ममृत्यूत मिसळलेला असतो, तो वेगळा काढून दाखवता येत नाही, हे त्यांनी जगभरच्या ख्रिस्ती वाचकांपुढे मांडले. घानातल्या असांते लोकांत गुरुवार हा भूमिदेवी असासे या हिचा दिवस; त्या दिवशी जमिनीला कुदळ लावत नाहीत. केनियाच्या किनाऱ्यावर मिजिकेंडा समाजाची ‘काया’ नावाची पवित्र वने आहेत. वडीलधाऱ्यांच्या नियमांमुळे ती टिकली आणि २००८ मध्ये जागतिक वारसा यादीत गेली. आपल्याकडच्या देवरायांचेही तसेच. त्यांचे मोल १९७० च्या दशकात वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी अभ्यासून दाखवले.

घानाचीच दुसरी गोष्ट आपल्या जास्त उपयोगाची आहे. अक्रा शहरात गा समाज होमोवो सणाआधी सुमारे महिनाभर ढोल वाजवू देत नाही. १९९० च्या दशकाअखेर काही मंडळ्यांनी उपासनेत ढोल वाजवणे चालू ठेवले आणि प्रकरण हाणामारीपर्यंत गेले. पुढे पारंपरिक प्रमुख, चर्चचे पुढारी आणि सरकार यांनी एकत्र बसून आवाजाच्या मर्यादा ठरवल्या. मारामारीनंतर जे बसून ठरले, ते आधीच बसून ठरवता आले असते.

जिथे नियम माणसाला चिरडतो

या सगळ्यावरून पाड्यावरचे सारे काही चांगले असे मी म्हणत नाही. जी श्रद्धा शिस्त लावते, तीच कधी दोष लावते. एका पाड्यावर एक मूल तापाने फणफणले होते. भगताने तांदूळ पाहून एका विधवेकडे बोट दाखवले : ‘भुताळी’. दुसऱ्या दिवसापासून तिच्या दारावरून कोणी जाईना. आम्ही मुलाला दवाखान्यात नेले, त्याला मलेरिया निघाला आणि तो बरा झाला. पण त्या बाईकडे लोक पूर्वीसारखे बघायला कित्येक महिने गेले. आमची एक कार्यकर्ती रोज तिच्या ओट्यावर बसून चहा प्यायची, सगळ्यांना दिसेल असा. औषधाइतकेच त्या चहाने काम केले.

अशा वेळी ‘त्यांची संस्कृती’ म्हणून गप्प बसणे हे पाप आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर २०१३ मध्ये महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला, आणि सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा २०१७ मध्ये लागू झाला. हे दोन्ही आमच्या कार्यकर्त्यांना माहीत आहेत. तरी कायद्याच्या आधी त्या माणसाशेजारी जाऊन बसावे लागते. भगतांशीही आम्ही बोलतो. काही जण आता स्वतःच सांगतात, “माझं मी करतो, पण आधी दवाखाना.”

सातव्या मजल्यावर गावदेव कुठे?

आज पाड्यांपुढचा सगळ्यात मोठा प्रश्न विस्थापनाचा आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये मेट्रो-३ च्या कारशेडसाठी आरेत एका रात्रीत झाडे पडू लागली ते आपण सर्वांनी पाहिले. त्याआधीच त्या कामासाठी प्रजापूरपाड्यातल्या कुटुंबांना घरे सोडून इमारतीत जावे लागले होते. पक्के घर, वीज, संडास या गोष्टी हव्यातच आणि पाड्यांनाही त्या हव्या आहेत. पण घर मोजणारा माणूस भिंती मोजतो. वाघोबाचे ठाणे, चौकाची भिंत, गावदेवाच्या झाडाखालची बसायची जागा त्याच्या कागदावर येत नाही.

पाड्यावरून इमारतीत गेलेल्या एका ओळखीच्या बाईने मला सांगितले, “ताई, इथे शेजारी आहेत, पाडा नाही. भांडण झालं तर सांगायचं कोणाला?” तिच्या मजल्यावर पाणी कमी येते आणि कोण किती भरतो यावरून रोज कटकट. जुन्या पाड्यावर हाच वाद गावदेवापुढे एका दुपारी मिटला असता. देव गेला तेव्हा त्याच्याबरोबर पंचायतही गेली, आणि तिच्या जागी काही आले नाही.

आपण काय करावे

पौल अथेनैमध्ये बोलायला उभा राहण्याआधी शहरात फिरला आणि त्यांच्या वेद्या नीट पाहिल्या, असे प्रेषितांच्या कृत्यांच्या सतराव्या अध्यायात आहे. आम्ही आता नव्या कार्यकर्त्यांना तेच सांगतो. पाड्यावरची कोणतीही रीत दिसली की आधी विचारा : यामुळे कोणाला काय मिळते? कोणाला राखले जाते? कोणाला त्रास होतो? आणि ही रीत बंद पडली तर तिचे काम कोण करील? या चार प्रश्नांची उत्तरे हाती येईपर्यंत सल्ला द्यायचा नाही.

आपणासही नम्र विनंती. शिबिराची तारीख ठरवताना वाघबारस, गावदेव आणि कोळीभाजीचे दिवस आम्हाला विचारून टाळा. पाड्यावर येताना ठाण्यांचे फोटो परवानगीशिवाय काढू नका. पावसाळ्यात कोणी आजी रानभाजी घेऊन गोरेगाव, अंधेरी किंवा बोरिवली स्टेशनबाहेर बसलेली दिसली तर घासाघीस न करता घ्या. तिने ती योग्य दिवसाची वाट पाहून खुडली आहे.

प्रार्थनेचे विषय

१. आरे, बोरिवली आणि मुलुंडच्या पाड्यांवर वस्ती हटवण्याच्या भीतीखाली राहणाऱ्या कुटुंबांसाठी.
२. इमारतीत गेलेल्यांना पुन्हा एकत्र बसायला जागा मिळावी म्हणून. यासाठी एका इमारतीतल्या स्त्रियांची मासिक बैठक आम्ही सुरू केली आहे.
३. संशयाखाली जगणाऱ्या विधवा आणि एकट्या स्त्रियांसाठी.
४. पाड्यावरच्या विश्वासी कुटुंबांसाठी, की त्यांनी ख्रिस्ताला धरावे आणि शेजाऱ्यालाही सोडू नये.
५. आम्हा कार्यकर्त्यांसाठी, की उत्तर देण्याआधी ऐकण्याचा धीर आम्हाला मिळावा.

त्या आजी आता नाहीत. दर जूनमध्ये त्यांची सून कोळीभाजी झाल्याच्या दुसऱ्या दिवशी मला फोन करते : “ताई, झाली. आता या.”

प्रभूच्या सेवेत,
आपली एक बहीण